बाळंतिणीचा पितळी डबा

बाळंतिणीचा स्वयंपाक कसा करावा हे सांगायला आमच्या गावात सगळे तयार असतात. गेल्या हिवाळ्यात तो करायला मात्र मी एकटाच होतो. हे लिहायला बसलो त्याचं कारण एवढंच, की आमची बुढी, म्हणजे माझी बायको, ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असते आणि दर वेळी माझ्या तोंडी काहीतरी भलतंच घालते. ऐकणारे हसतात. मी चौथीच्या पुढे शाळा पाहिली नाही, पण मला लिहिता येतं. आणि काय झालं ते तिच्यापेक्षा मला जास्त ठाऊक आहे, कारण डबा मी नेत होतो.

आमचं गाव सौंदडच्या जवळ. पोरगा गोंदियात मोटारसायकलच्या सामानाच्या दुकानात कामाला आहे आणि फुलचूरला एका घराच्या माडीवर भाड्यानं राहतो. खोली एकच. त्यातच गॅस, त्यातच खाट, दाराला पडदा. सुनेचं पहिलं बाळंतपण खरं तर तिच्या माहेरी व्हायचं. पण तिची आई ती लहान असतानाच गेली आणि बापाच्या घरी बाईमाणूस नाही. म्हणून मी लग्नातच चार माणसांदेखत बोलून बसलो होतो की पोरीचं बाळंतपण आम्ही करू. बोललो तर बोललो. बुढीनं फुलचूरला जाऊन सव्वा महिना राहायचं, असं ठरलं. डिंक आणला, सुंठ आणली, खोबरं आणलं. आणि नात जन्माला आली त्याच आठवड्यात बुढी बोरिंगवर पाणी भरताना घसरून पडली. मनगट मोडलं. हाताला प्लास्टर घालून ती जी खाटेवर बसली, ती मला हुकूम सोडायलाच.

लोक विचारतात, मग तुम्हीच फुलचूरला जाऊन काऊन नाही राहिले? अरे बापा, एक खोली, त्यात बाळंतीण. आमच्या घरात सून सासऱ्यासमोर येत नाही, त्याच्याशी बोलत नाही. लग्न झाल्यापासून या सुनेनं माझ्याशी एक शब्द बोललेला नव्हता, आणि त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं. मला चहा हवा का, हे ती बुढीला विचारायची आणि मी ओसरीच्या खांबाकडे पाहून उत्तर द्यायचो. मी त्या खोलीत राहिलो असतो तर तिनं लेकराला पाजलं कुठं असतं? म्हणून मी ठरवलं की घरी चुलीवर रांधायचं, सकाळच्या गाडीनं गोंदियाला जायचं, तिथून ऑटोनं फुलचूर, डबा द्यायचा, तिचं जेवण होईपर्यंत जिन्यात बसायचं, आणि डबा घेऊन दुपारच्या गाडीनं परत. पोरगा म्हणाला, इथं मेसचा डबा मिळते. मी म्हणालो, मेसचा डबा तू खा.

गावात तेव्हा घरोघरी नवीन तांदूळ निघाला होता. नवीन भात गोड लागतो, पण पोटाला जड, बाळंतिणीला चालत नाही. माझ्या ढोलीत, म्हणजे शेणानं लिंपलेल्या कणगीत, गेल्या सालचा चिन्नोर तांदूळ होता. तो मी पाहुण्यालाही देत नाही. तो काढला. मऊ भात, तुरीचं पातळ वरण, त्यात लसूण आणि मिरे, शेवग्याच्या पाल्याची भाजी, आणि या सगळ्यावर आमच्या म्हशीचं तूप. तुपाला मी हात आखडला नाही. झाकण उघडलं की तूप वर तरंगताना दिसलं पाहिजे, ही माझी समज. बुढी खाटेवरून ओरडायची, लसूण जळून राहिला, भात लागून राहिला, ओवा कुठं टाकला. तिला चुलीपाशी येता येत नव्हतं आणि मला तिचं ऐकायचं नव्हतं.

एका गोष्टीवर मात्र आमचं दोघांचं एकमत होतं. बाळंतिणीच्या अन्नाची चव आधी कोणी घ्यायची नाही. माझी आई घेत नव्हती, बुढीची आईही घेत नव्हती. नैवेद्याची घेतो का? तसंच हे. मी मीठ तळहातावर घेऊन अंदाजानं टाकायचो आणि झाकण लावायचो.

डबा माझ्या आईचा. पितळेचा, एकावर एक बसणारी तीन भांडी आणि वर कडी. चिंचेनं घासला की गाडीत लोक वळून पाहतात. आतून कल्हई. ती करणारा माणूस पूर्वी सौंदडच्या बाजारात बसायचा आणि ही कल्हई तुमच्या नातवापर्यंत जात नाही असं त्यानं मला छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. पोरानं पहिल्याच दिवशी स्टीलचा नवा डबा आणून ठेवला होता. मी तो जिन्यातल्या खिडकीत ठेवून दिला. त्यावरचा दुकानाचा कागदही काढू दिला नाही.

पहिल्या दिवशी डबा परत आला तेव्हा मधल्या भांड्यात दोन घास भात आणि थोडं वरण होतं. मला बरं वाटलं. आपल्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत, काही ना काही त्यात ठेवतात. आजकालच्या पोरींना हे कोण शिकवते? आणि हिला तर आईही नव्हती. मी गाडीत शेजारच्या माणसाला सांगितलं, घरी बुढीला सांगितलं, संध्याकाळी चावडीवर सांगितलं की सून शिकलेली आहे पण रीत जाणते.

पुढच्या काही दिवसांत ती रीत वाढत गेली. दोन घासांचे चार झाले, मग वरणाचं भांडं अर्धं राहू लागलं. बुढीनं झाकण काढून पाहिलं आणि म्हणाली, "एवढं कोणी ठेवते का जी?"

"हात सढळ आहे तिचा," मी म्हणालो.

आता हे उरलेलं अन्न सुनेचं उष्टं. सासरा ते खात नाही. बुढीनं खाल्लं असतं, पण बाळंतिणीचं उष्टं सव्वा महिना घरात कोणी खायचं नाही हे तिनंच मला शिकवलेलं. म्हणून ते म्हशीच्या टोपल्यात जायचं. म्हशीनं एकदा तोंड लावलं आणि मान फिरवून उभी राहिली. ती म्हैस आधीपासूनच नखरेल. मी तिला दोन शब्द ऐकवले आणि ते अन्न उकिरड्यावर टाकलं.

फुलचूरच्या घराची मालकीण हिंदी बोलणारी विधवा बाई. जिन्याच्या खाली खुर्ची टाकून दिवसभर काही ना काही निवडत बसते आणि कोण आलं, कोण गेलं यावर तिचं लक्ष. सुनेशी तिचं चांगलं जमतं. बाळंतिणीला बाहेरचं काही देऊ नका, असं बुढीनं तिला फोनवर बजावलं होतं, त्यामुळे ती बिचारी स्वतःच्या घरचं काही वर पाठवत नव्हती. एक दिवस मी जिन्यात बसलो असताना ती म्हणाली, "चाचाजी, बुरा मत मानना. डिब्बा दूसरा कर लो. बहू बोलती है, खाने में बास आती है."

मला वाईट वाटलं नाही, राग आला. घरच्या म्हशीचं तूप ते. ज्यांनी जन्मभर दुकानातलं डालडा खाल्लं त्यांना खऱ्या तुपाचा वास येणारच. हे मी तिला हिंदीत सांगितलं, आणि माझी हिंदी गोंदियात सगळ्यांना समजते. ती वाटाणे सोलत बसली.

मग पोरगा. त्याला माझ्यासमोर नीट बोलता येत नाही, लहानपणापासूनच. तो फोनवर म्हणाला, "बाबा, तो डबा बदलता का?" मी म्हणालो, काऊन, तुझ्या मालकाला पितळ दिसली की लाज वाटते का? तो म्हणाला, तसं नाही. मी म्हणालो, मग कसं? तर गप्प. आता मला सांगा, पोरानं बापाला एक वाक्य धड पूर्ण करून सांगू नये का? त्यानं नीट सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं. बुढी म्हणते, ऐकलं नसतं. तिला काय ठाऊक.

मी उलट तूप वाढवलं. अन्न उरून राहिलं, पोरगी अशक्त होऊन राहिली, तर ताकद तुपातच आहे.

अशात एके दिवशी मी जिना चढत होतो तर वरून नातीचं रडणं ऐकू आलं. भुकेचं रडणं वेगळं असते, चार लेकरं वाढवलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. पोरगा त्या दिवशी दुकानात गेला नव्हता. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा होता. त्यानं डबा घेऊन पडद्याखालून आत सरकवला. सकाळी लेकराला दाखवायला नेलं होतं, म्हणाला. वजन वाढून नाही राहिलं. आईला दूध पुरत नाही. नर्सबाईनं विचारलं, ही जेवते काय? आणि या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"उद्यापासून येऊ नका बाबा," तो माझ्या पायांकडे पाहत म्हणाला. "मेसवाल्याले सांगितलं मी. आणि लेकराले पावडरचं दूध सुरू करतो."

मला जे बोलायचं होतं ते मी बोललो. ते सगळं लिहीत नाही. मी या वयात पहाटे उठून चूल फुंकतो, ढोलीतला जुना तांदूळ काढतो, गाडीत उभा राहून येतो, आणि माझ्या नातीला हा पावडर पाजणार. चार माणसांदेखत मी शब्द दिला होता तो मेसवाला पाळणार. माझा आवाज मोठा आहे. खालची मालकीण वाटीसकट जिना चढून वर आली आणि मधे उभी राहिली. पोरगा भिंतीला टेकून ऐकत होता. तो उलट बोलला असता तर बरं झालं असतं.

तेवढ्यात पडद्याच्या आतून आवाज आला.

"मामाजी."

मी आधी इकडंतिकडं पाहिलं. तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. सासऱ्याला आमच्याकडे मामाजीच म्हणतात, पण मला त्या नावानं आजवर कोणी हाक मारलेली नव्हती.

"मामाजी, तुमच्या गाडीले अजून वेळ आहे जी. आज इथंच जेवून घ्या. डबा दोघांले पुरते."

मी मालकिणीकडे पाहून म्हणालो, तिला सांगा, बाळंतिणीच्या आधी मी जेवत नसतो.

मालकिणीनं तोंड उघडायच्या आत आतून उत्तर आलं, "मोठ्यांच्या आधी मी तरी कशी जेवू? मी अजून हात लावला नाही जी. उष्टं नाही ते."

तिनं दोन्ही रीती माझ्यासमोर उभ्या केल्या आणि दोन्ही माझ्याच. मी जिन्यावरच बसलो. आत भांड्यांचा आवाज झाला. पडद्याखालून ताट बाहेर सरकलं, मालकिणीनं ते उचलून माझ्यापुढे ठेवलं आणि स्वतः दोन पायऱ्या खाली जाऊन बसली, कुठं जाण्याची घाई नसल्यासारखी.

भात पांढरा, मोकळा. वरणावर तूप. तुपाच्या कडेला हिरवट झाक दिसत होती, ती मला शेवग्याच्या पाल्याची वाटली. पहिला घास घेतला.

जुना तांब्याचा पैसा जिभेवर ठेवून चोखावा तशी चव. मग तुरट. अन्न कळकलं होतं. लहानपणी आईनं एकदा ताक पितळेच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, ठेवलं होतं आणि मग सगळं नालीत ओतलं होतं, ती चव मला एका घासात आठवली. हे अन्न ही पोरगी रोज खात होती. जेवढं खाववलं तेवढं खात होती आणि उरलेलं मला परत देत होती, मी पाहावं म्हणून. आणि मी चावडीवर तिचं कौतुक करत होतो.

पोरगा पाहत होता. मालकीण पाहत होती. नातही रडायची थांबली होती. मी दुसरा घास घेतला. मान खाली घालून सगळं ताट संपवलं.

"भात वाढू का, मामाजी?" पडद्यामागून.

ही पोरगी शिकलेली आहे, स्वभावानं गरीब आहे, असं लग्न ठरवताना मला सांगितलं होतं. गरीब नाही ती.

"वाढ," मी म्हणालो.

भात आला. "वरण जी?"

"वाढ."

तेही खाल्लं. हात धुतले. आतून विचारणा झाली, "कसं आहे जी?"

"मीठ कमी आहे," मी म्हणालो.

ती म्हणाली, "हव जी. मले बी तसंच वाटत होतं."

मालकिणीनं पदर तोंडाला लावला आणि खाली निघून गेली. मी तिला हाक मारली आणि हिंदीत विचारलं की आज तिच्या घरी काय शिजलं आहे. मूंग की दाल, ती म्हणाली. मी म्हणालो, बहू को दे दो, आज के दिन चलता है. मग पोराला म्हणालो, मेसवाल्याला फोन करून नाही सांग, उद्या मी येतो. पितळी डबा घेतला, खिडकीतला स्टीलचाही उचलला, त्यावरचा कागद नखानं खरवडून काढला आणि निघालो. तो मागून काही बोलून राहिला होता. मी थांबलो नाही, मला गाडी गाठायची होती आणि पोटही ठीक नव्हतं. सौंदडला उतरल्यावर काय झालं ते बुढी सगळ्यांना रंगवून सांगते, पण ती तिथं नव्हती.

घरी येऊन पितळी डबा उन्हात उपडा केला, सरळ केला. तळाशी आणि कडांना पिवळं दिसत होतं. बऱ्याच ठिकाणी.

"कल्हई गेली ना?" बुढी खाटेवरून म्हणाली.

"थोडी. त्या कल्हईवाल्यानं फसवलं."

"तो मरून किती वर्षं झाली जी. पोरीनं सांगितलं नाही का?"

"मालकिणीले सांगितलं. मले सांगितलं नाही."

"कोणाले सांगन बिचारी," बुढी म्हणाली. "खांबाले?"

मी उठलो. म्हशीसाठी ढेप भिजवायची होती. तिला त्या दिवशी थोडी जास्तच टाकली.

दुसऱ्या दिवशी पहाटे वरणात मीठ टाकलं आणि बोट बुडवून जिभेवर ठेवलं. बुढीनं पाहिलं. बोलायचं ते तिनं नंतरसाठी राखून ठेवलं. स्टीलच्या डब्याची क्लिप फार वाईट, दोनदा बोट चिमटलं. पितळेच्या कडीनं कधी असं केलं नाही.

फुलचूरला डबा आत दिला आणि नेहमीसारखा जिन्यात बसलो. खाली मालकीण काहीतरी निवडत होती. आत चमचा भांड्याला लागत होता. बराच वेळ लागत होता. मग तळ खरवडल्याचा आवाज. तो आवाज मी इतके दिवस ऐकलाच नव्हता आणि तो नव्हता हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं. नात एकदा कुरकुरली, मग चूप झाली.

"मामाजी, मीठ बरोबर आहे जी."

"हं," मी म्हणालो. पडद्याकडे पाहून म्हणालो, कारण तिथं खांब नव्हता.

"पण मिरे कमी टाका. आणि भाजीचे देठ काढत जा जी, दातात अडकते."

झालं. इतक्या दिवसांत एक शब्द नाही, आणि बोलायला लागली तर हे. त्या दिवसापासून ते आजपर्यंत ती मला सांगतच आहे. लसूण ठेचू नका, चिरा. गाडीत मफलर घाला. नातीला असं धरू नका, तसं धरा. घरी एक होतीच, आता दोन झाल्या. पावडरचा डबा मात्र पोरानं तसाच दुकानात परत केला.

त्या दुपारी गाडीत बसल्यावर मी स्टीलच्या डब्याची क्लिप काढली. पुन्हा बोट चिमटलं. तीनही भांडी धुतलेली, कोरडी. शीत नाही, थेंब नाही. मधल्या भांड्याच्या तळाशी चिमूटभर कच्चे तांदूळ होते आणि गुळाचा खडा.

घरी बुढीपुढे डबा ठेवला. तिनं चांगल्या हातानं झाकण बाजूला केलं, तांदूळ पाहिले आणि म्हणाली, "असं ठेवत असतेत जी, भांडं परत देताना."

मला ठाऊक आहे, मी म्हणालो, मला शिकवू नको. आणि ते तांदूळ उद्याच्या भातात टाकायला बाजूला काढून ठेवले.